एक जूनवरचा संशय

माझ्या सासऱ्यांचा विश्वास बसेल अशी तारीख अजून कुठल्याही कॅलेंडरात छापली गेलेली नाही. लोक भाडेकरूंवर संशय घेतात, दूधवाल्यावर तर घ्यावाच लागतो. पण आमचे बाबा सोमवाराकडेसुद्धा, हा खरोखर रविवारनंतरच आला आहे ना, अशा नजरेनं बघतात. लग्न ठरताना त्यांनी माझी पत्रिका मागितली नाही, जन्मदाखला मागितला. मी झेरॉक्स दिली. ती उजेडासमोर धरून ते म्हणाले, "मूळ प्रत कुठाय?" मुलगी द्यायची की नाही हा प्रश्न नंतरचा, मी मुळात त्या दिवशी जन्मलो होतो का, हा आधीचा.

अशा माणसाकडे कोथरूडमधल्या त्यांच्या सोसायटीनं दिनविशेषाचा फळा सोपवावा, ही नियतीची थट्टाच. रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते लिफ्टशेजारी उभे राहतात आणि आजच्या दिवशी कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं ते मोत्यासारख्या अक्षरात लिहितात. प्रत्येक ओळीपुढे कंसात त्यांचा शेरा असतो. थोर गणितज्ञाचा जन्म (घरच्यांच्या सांगण्यावरून). युद्धसमाप्ती (एका बाजूचे म्हणणे). समाजसुधारकाचे निधन (दोन पुस्तकांत दोन तारखा, दोनदा वारले नसावेत). बिनशेऱ्याची ओळ मी आजवर एकच पाहिली: सोसायटीच्या नव्या टाकीत पाणी आले. ते त्यांनी स्वतः नळ सोडून पाहिलं होतं.

एकाच दिवशी दोन थोर माणसं जन्मली की त्यांना संगनमताचा वास येतो. एक गेला त्याच दिवशी दुसरा जन्मला, हे तर अजिबात चालत नाही. "चरित्रकारांचा कावा आहे, जावईबापू. त्यांना खुर्ची रिकामी राहिलेली बघवत नाही." तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाचा पहिला वाढदिवस सोयीसाठी रविवारी केला, खरा दिवस गुरुवारचा. बाबा गेले, आईस्क्रीम खाल्लं, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या आईला म्हणाले, "निम्मे आशीर्वाद आज देतो. उरलेले गुरुवारी." गुरुवारी सकाळी आठ वाजता त्यांनी खरंच बेल वाजवली.

पण या सगळ्या संशयांचा मूळपुरुष म्हणजे एक जून. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या निम्म्या सभासदांचा वाढदिवस एक जूनला येतो. पूर्वी गावाकडे मूल शाळेत घालताना आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसे, मग हेडमास्तर जूनची पहिली तारीख टाकून मोकळे होत. हे सगळ्यांना माहीत आहे, सगळे हसून केक खातात. बाबा खात नाहीत. "गावोगाव एकाच दिवशी इतकी बाळंतपणं. सुइणी जेवल्या कधी?" एवढं विचारून ते बशी परत करतात. गंमत अशी, की बाबांची स्वतःची जन्मतारीखही एक जूनच आहे.

यंदा त्यांची पंचाहत्तरी. बायकोनं सदाशिव पेठेतला एक छोटा हॉल ठरवला आणि बाबांनी नकार दिला. "ती हेडमास्तरांची तारीख आहे. त्यांचा सत्कार करा." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांचे दिवस लिहिले. एकदा माझा मला कळू दे, मग खुशाल पेढे वाटा."

तो सांगू शकेल असं आता एकच माणूस उरलं होतं: बिबवेवाडीला मुलाकडे राहणारी त्यांची मोठी बहीण, अक्का. वय चौऱ्याऐंशी. मागच्या महिन्यात तिनं बाबांना त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, नावानं हाक मारली होती. उशीर करून चालणार नव्हतं. मी स्कूटर काढली, बाबा मागं वही घेऊन बसले.

अक्का कॉटवर लसूण सोलत होती. बाबांनी थेट उलटतपासणी सुरू केली. अक्कासमोर त्यांचं पुणेरी मराठी निम्म्या वाटेतच गावाकडे वळतं.

"अक्का, मी झालो तो दिवस आठवतो का?"

"आठवतो की. न आठवाया काय झालं?"

"वार कंचा व्हता?"

"बाजाराचा नव्हता."

"पाऊस?"

"असंल. नायतर नसंल."

बाबांनी वहीत लिहिलं आणि पुढे शेरा मारला. मला हसू आवरेना. तेवढ्यात अक्का आपणहून बोलू लागली.

"म्या साळंत व्हते. तिसरीत. पाढं चाललं व्हतं. आबा दारात आलं आन् गुरुजींस्नी म्हनलं, पोरगा झालाय, हिला घरी नेतो. गुरुजी म्हनलं, उद्या धाडाल न्हवं? आबा म्हनलं, न्हाय, नावच काढा, त्याला कोन सांभाळनार. मंग गुरुजींनी मोठं बुक काढलं. कारन काय लिहू म्हनलं. आबा म्हनलं, लिवा, भाऊ झाला." तिनं लसणाची पाकळी वाटीत टाकली. "लई गोरा व्हतास तवा."

मी जवळजवळ उभाच राहिलो. शाळेचं ते रजिस्टर कोणी टाकून देत नाही. त्यात अक्काची शाळा सोडल्याची तारीख असणार, आणि तीच बाबांच्या जन्माची. "बाबा, सापडली. लेखी पुरावा, गुरुजींच्या सहीसकट. उद्या सकाळी गावाला निघू."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "नको."

"अहो, मूळ प्रत आहे."

"आहे ना. तारखेच्या शेजारच्या रकान्यात कारण लिहिलंय."

परत येताना सिग्नलला थांबलो, तेव्हा मागून आवाज आला, "तिचे पाढे कितीपर्यंत झाले होते, ते विचारायचं राहिलं." दिवा हिरवा झाला.

एक जूनला हॉल भरला. बाबा आले, मुकाट्यानं पाटावर बसले. ओवाळायला त्यांनी अक्कालाच बोलावलं होतं. तिला ताम्हन पेलेना, म्हणून बायकोनं ते खालून धरलं. कुंकू लावता लावता अक्का थांबली, सगळ्यांकडे गोंधळून पाहिलं आणि भावाला विचारलं, "आजच हाय न्हवं रं तुजा वाढदिस? नक्की?"

मी बाबांकडे बघितलं.

"आजच, अक्का," बाबा म्हणाले. "शाळेत तशीच नोंद आहे." आणि तिचा हात पोचावा म्हणून त्यांनी मान खाली केली.