नूरुद्दीनने आधीच पिऊन टाकलेला कहवा

बाणकोटच्या खाडीत होड्या बांधणाऱ्या घराण्यातला नूरुद्दीन कुवेतला गेला आणि ट्रकांच्या लाकडी बॉड्या बांधू लागला. तो म्हणायचा, होडी काय नि ट्रक काय, दोन्ही माल वाहणार, दोन्ही हेलकावे खाणार. शुवैखच्या बंदरामागे ज्या गॅरेजात तो सुतार होता, त्याचे मालक दोन, दोघेही पॅलेस्टिनी. इंजिन अबू सामीकडे, बॉडी अबू खलीलकडे. ट्रक पुढून एकाचा, मागून दुसऱ्याचा, आणि मधे नूरुद्दीन.

अबू खलील लिद्द गावचा. अठ्ठेचाळीस साली इस्रायली फौजेने गाव रिकामं करायला लावलं, तेव्हा भर उन्हात चालताना त्याचा बाप वाटेतच गेला. अबू सामीची म्हातारी आई नाझरेथला, म्हणजे आता इस्रायलात, राहिलेली. ती जिवंत, पण भेट नाही.

पासष्ट साली रेडिओवर बातमी आली. एका अरब देशाचे अध्यक्ष म्हणतात, पॅलेस्टाइनच्या फाळणीचा जुना ठराव पुढ्यात ठेवून इस्रायलशी बोलणी करावीत.

अबू सामी इंजिनाखालूनच म्हणाला, "बोलून बघायला काय जातं?"

"काय जातं?" अबू खलीलने पान्हा भिरकावला. "बापाची कबर जाते!"

"आणि न बोलून काय आलं, ते सांग!"

झालं. त्या दिवसापासून दोघांचं तोंड बंद, निरोप नूरुद्दीनमार्फत. "नूर, त्याला सांग, ब्रेक बघ." "त्याला सांग, बघितलेत." दोघं एकमेकांना हात लागेल इतक्या अंतरावर, आणि हा मोडक्या अरबीत मधे पोस्टमन. एकदा तर अबू सामीने हासडलेली शिवीसुद्धा त्याने इमानाने पोचवली.

इथवर गंमत होती. मग अबू खलीलने जाहीर केलं, महिनाअखेर गॅरेज बंद, आपल्या नावावरचा परवाना परत. नूरुद्दीनचं कुवेतात राहणंच मुळी त्या गॅरेजच्या नावावर, आणि बायको सुगरा पुढच्या बोटीने मुंबईहून निघायची. गॅरेज बुडालं तर ती बोटीतून उतरणार नि हा चढणार.

गाववाला हारून सालमियात एका घरी आचारी होता. त्याने तोड सांगितली. "अरे, यांच्यात रीत आहे. वडीलधारी माणसं घेऊन घरी जायचं आणि मागणं घालायचं. दारात आलेल्याला सहसा नाही म्हणत नाहीत." एवढं सांगून हारून कांदे चिरायला लागला. रीतीचा पुढचा भाग कांद्यांतच राहिला.

नूरुद्दीनने एका म्हाताऱ्या पॅलेस्टिनी मास्तरांना गाठलं, त्यांनी आणखी दोन पांढऱ्या दाढ्या जमवल्या, आणि शिष्टाई हवल्लीला अबू खलीलच्या घरी पोचली. अबू सामी बाहेर गाडीत बसून राहिला.

कहवा आला, अरबांची बिनदुधाची कडू कॉफी. मास्तरांनी कप घेतला आणि तसाच खाली ठेवला. दाढ्यांनीही ठेवले. मागणं मान्य होईपर्यंत कहव्याला ओठ लावायचा नाही, हीच ती रीत. यजमानाला त्या भरल्या कपाचीच भीड. पण बाणकोटात कुणाच्या घरचा चहा गार होऊ देणं म्हणजे त्याच्या उंबऱ्यावर थुंकणं! नूरुद्दीनने कप एका घोटात संपवून पुढे केला. पुरे असेल तर कप जरा हलवून द्यायचा असतो, तेही त्याला ठाऊक नाही. वाढणाऱ्याने पुन्हा ओतला. हा पुन्हा प्यायला. असे चार झाले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"प्यायलास?" अबू खलील म्हणाला. "म्हणजे तुझं काम झालं?"

"कुठलं? मास्तर अजून बोलले कुठे?"

"मग प्यायलास कसा?"

"आमच्याकडे आधी पितात, मग भांडतात. कोरड्या घशाने कसं भांडायचं?"

पडद्याआड अबू खलीलची बायको फिस्सकन हसली. मास्तरांनी डोळे उघडले. "अबू खलील, आता पंचाईत तुझी. तुझा कहवा पोटात घेऊन हा रिकाम्या हाताने गेला, तर लोक तुला काय म्हणतील?"

"माग, काय ते."

"गॅरेज," नूरुद्दीन म्हणाला. "फक्त गॅरेज. पॅलेस्टाइनचं तुमचं तुम्ही बघा, माझी तेवढी अरबी नाही."

"गॅरेज राहील. पण त्या माणसाशी मी बोलणार नाही. जा, त्याला सांग."

म्हणजे निरोप्याची नोकरीही कायम राहिली!

सुगरा आली. चार कपांची गोष्ट ऐकून पोट धरून हसली. पुढच्याच शुक्रवारी अबू खलीलच्या बायकोने नवराबायकोला बोलावलं. कहवा आला, आणि सुगराने आपला कप खाली ठेवला.

"पी ना, गार होतोय," नूरुद्दीन कुजबुजला.

"नाय पिणार."

अबू खलील चपापला. "ही काय मागते, नूर?"

"तुमी सांगा त्यांना," सुगरा म्हणाली. "ते नि अबू सामी आमच्याकडं येऊन एका ताटात जेवतील, तरच पिईन."

"अगं, पदरात पडलंय तेही घालवशील!"

"तुमी सांगा तर!"

लग्नाकार्यात एका मोठ्या ताटाभोवती बसून जेवायची आपल्याकडची पद्धत नूरुद्दीनने घाम पुसत समजावली. अबू खलील कपाकडे बघत राहिला. वाफ गेली.

"ताटात मासा कुठला?" त्याने विचारलं.

"पापलेट."

"पी, बाई."

दोघं आले. ताटाच्या दोन बाजूंना बसले. लिद्दचं नाव नाही, नाझरेथचं नाही. बोलणी करावीत की नाही यावर पुढेही त्यांचं कधी जमलं नाही. मान खाली घालून जेवत होते.

"कालवण तिखट आहे," अबू सामी ताटाला सांगावं तसं म्हणाला.

"तुला आधीपासूनच सोसत नाही," अबू खलील म्हणाला.

नूरुद्दीनने निरोप पोचवायला तोंड उघडलं. सुगराने त्याला कोपराने ढोसलं.