वानखडेच्या रायफलीचा ब्रीच ब्लॉक

निवृत्तीनंतरची माझी पोस्टिंग प्लेनो, टेक्सास. हुकूम मुलाचा. सकाळी साडेपाचला उठतो, दाढी करतो, फुटपाथवर तीन मैल चालतो. चालणारा मी एकटाच, बाकी सगळे गाडीत. फौजेत मी आर्मरर होतो, म्हणजे बटालियनची हत्यारं दुरुस्त करणारा. हवालदार म्हणून बाहेर पडलो. छातीवर मिरवावं असं काही केलं नाही. एक गोष्ट केली, ती तीस वर्षं कोणाला सांगितली नाही.

मागच्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. मिलिंदने जेवणाच्या टेबलावर एक लांबट काळी पेटी आणून ठेवली.

"बाबा, गेस करा."

आत एसएलआर रायफल होती. सेमी-ऑटोमॅटिक, लाकडी दस्त्याची. आपल्या फौजेतून ती कधीच गेली. इथे लोक ती हौसेने जमवतात, कलेक्टिबल म्हणतात. मिलिंदने हायवेलगतच्या दुकानातून आपल्या नावावर घेतली होती.

"सेम तुमचीच आहे ना?"

"दिसायला," मी म्हणालो.

पोराचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण खोटं बोलवेना. ही रायफल बऱ्याच देशांनी बनवली. इंग्रजांचं माप एक, युरोपातलं दुसरं, आणि आपल्या कारखान्याने दोन्हींतलं थोडं थोडं घेऊन तिसरंच काढलं. एकीचे काही भाग दुसरीत बसतच नाहीत. त्यांची भीती नसते. घात होतो तो बसणाऱ्या भागांनी.

मी ती खोलली. बोटांना सगळं आठवत होतं. बॉडी अमेरिकेत बनलेली, बॅरल इंग्रजी, ब्रीच ब्लॉक आपल्याकडचा. ब्रीच ब्लॉक म्हणजे गोळी उडताना तिच्या मागे कडी लावल्यासारखा घट्ट बसणारा लोखंडी ठोकळा. त्यावर एक नंबर, बॉडीवर दुसरा.

"मागची फट मोजायचं गेज लावलं का कोणी?"

"बाबा, तो दुकानवाला म्हणाला, ऑल पार्ट्स कम्पॅटिबल. ड्रॉप्स राइट इन. शनिवारी शूटिंग रेंज बुक केलीय, यार. आपण दोघं जाऊ."

"गेज लागल्याशिवाय ही रायफल कोणी चालवणार नाही. तू तर नाहीच."

माझा आवाज चढला होता. सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आमची बटालियन तेव्हा काश्मीरमध्ये होती. रोजचं काम ठरलेलं: पाच वाजता शस्त्रागार उघडायचं, रायफली मोजून द्यायच्या, परत घ्यायच्या, तेल, चिंध्या, रजिस्टर. बाहेरून मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार होते. त्यांना दाखवायच्या रायफलींपैकी एकीचा ब्रीच ब्लॉक झिजला होता. नवा मागवून सात महिने झाले होते. क्वार्टरमास्टर साहेब, म्हणजे बटालियनच्या सामानाचे अधिकारी, शस्त्रागारात आले. बोलणं हिंदीतच व्हायचं.

"वानखडे का निकालो, इसमें लगाओ."

"साब, वानखडे की रायफल?"

"कंडेम वाली का डाल दो. बैठता है?"

"बैठता है, साब."

"फिर?"

कंडेम, म्हणजे बाद ठरवलेल्या एका रायफलीचा ब्लॉक मी वानखडेच्या रायफलीत बसवला.

लान्स नायक धनराज वानखडे दर्यापूरकडचा. माझ्यासारखाच, मला 'जय भीम दादा' म्हणून रायफल घ्यायचा. इतकी घासूनपुसून परत करायचा की मी चिडवायचो, "बायकोला तरी इतकं जपतोस का?" त्याला वर्षाची मुलगी होती.

प्रत्येक ब्रीच ब्लॉक आपापल्या बॉडीला बेतलेला असतो. बदलला तर गेज लावून मागची फट तपासायची असते. गेज माझ्या पेटीत होतं. मी काढलं नाही. लावलं असतं तर कळलं असतं, आणि कळल्यावर साहेबांना नाही म्हणावं लागलं असतं. इतकं साधं कारण आहे.

इन्स्पेक्शन झालं. नंबर कोणी वाचले नाहीत, चकाकी बघितली. ब्लॉक परत बदलायचा, त्याआधीच गस्तीचा हुकूम आला. पहाटे ५.४० ला वानखडेने रायफल घेतली. मी नळीत आणि चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत पाहिलं, सगळं आरशासारखं लख्ख होतं. ब्लॉकबद्दल मी बोललो नाही. एक दिवसाचा तर प्रश्न, असं मनात म्हटलं.

९.१५ ला वायरलेस सेट बोलला. मी सिग्नलच्या तंबूबाहेर उभा होतो.

"अल्फा वन. कॉन्टॅक्ट. नाले के पास. ओव्हर."

मग गोळीबार. मग पुन्हा तोच आवाज.

"वानखडे की रायफल रुक गई है. केस अंदर फँसा है. ओव्हर."

"कव्हर लो. ओव्हर."

उत्तर यायला चार मिनिटं लागली.

"वन किल्ड. वानखडे. ओव्हर."

फट जास्त असली की काडतुसाचं पितळ मधून तुटतं. पुढचा तुकडा आत अडकतो, पुढची गोळी जात नाही. रायफल आली तेव्हा तो तुकडा आतच होता. त्या संध्याकाळी क्वार्टरमास्टर साहेबांच्या सांगण्यावरून मी वानखडेचा मूळ ब्लॉक त्याच्या रायफलीत परत बसवला. हुकूम त्यांचा, हात माझे. चौकशीत नंबर जुळले. मी बयान दिलं, रायफल ठीक होती. मग चूक कोणाची उरली? कागदावर आलं, जवानाने चेंबर साफ ठेवला नव्हता.

इथवर काय कमी होतं! पण फौज कशातूनही धडा घेते. नव्या जवानांच्या हत्यारांच्या क्लासात तो किस्सा सुरू झाला: वानखडेने रायफल साफ केली नाही, म्हणून वानखडे मेला. नऊ वर्षं तो क्लास मी घेतला. खडूने फळ्यावर त्याचं नाव लिहायचो.

शनिवारी मिलिंद मला दुकानात घेऊन गेला. मालक पांढऱ्या दाढीचा, स्वतः माजी सैनिक. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. ड्रॉवरमधून गेज काढलं, लावलं, मला वाकून बघायला सांगितलं. फट बरोबर होती. त्याने रायफल जोडतानाच माप घेतलं होतं.

"फाइव्ह मिनिट्स, सर. आय ऑलवेज चेक."

"बघा बाबा! सेफ आहे. उगाच टेन्शन घेतलंत," मिलिंद म्हणाला.

मी काउंटरजवळच्या स्टुलावर बसलो. पाच मिनिटंही लागली नव्हती. गेजही माझ्या पेटीतल्यासारखंच होतं, दोन बोटांएवढं.

आम्ही रेंजवर गेलो नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी त्याला सगळं सांगितलं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिला.

"त्यांच्या घरी काय माहितीय?"

"फौजेने सांगितलं तेच. मुलगी आता तिकडेच शाळेत शिकवते."

"म्हणजे तिला वाटतं की तिच्या बाबांचीच चूक होती?"

"हो."

"मग तुम्ही अजून गप्प का?"

लाज वाटत होती, असं म्हणायचीही आता लाज वाटते. हे लिहिलेलं आधी वानखडेच्या मुलीला पाठवतो आहे, मग ज्याला वाचायचं त्याने वाचावं. ती मला माफ करणार नाही, करूही नये. तिच्यासाठी फक्त वस्तुस्थिती नोंदवतो, जी मी चौकशीत सांगायला हवी होती.

लान्स नायक धनराज वानखडे यांची रायफल स्वच्छ होती. पहाटे ५.४० ला मी स्वतः पाहिली होती.