बाबांच्या बोलण्यातले थांबे

लांब व्हिडिओचे छोटे तुकडे करणं हे माझं काम. कोलकात्यात न्यू टाउनमधल्या एका कंपनीत मी ते करते. कुणी डॉक्टर मधुमेहावर तासभर बोलतात, कुणी बाई मुलांच्या अभ्यासावर बोलतात. त्यातलं चाळीस-पन्नास सेकंदांचं काहीतरी शोधायचं, मोबाइलच्या उभ्या चौकटीत बसवायचं, खाली अक्षरं टाकायची. तुकडा चटपटीत व्हायचा तर बोलणाऱ्याचे श्वास, 'अं', 'म्हणजे', मधली शांतता हे सगळं आधी काढून टाकावं लागतं. ते मला फार छान जमतं. अडखळत बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ आला की ऑफिसात तो माझ्याकडे पाठवतात.

त्यामुळे बाबांचे व्हिडिओ कोण करणार, हा प्रश्न घरात कधी आलाच नाही.

बाबा साताऱ्याकडचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कोलकात्याला आले, बेहाल्यात फ्लॅट घेतला आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. माझा जन्म इथलाच. घराबाहेर बंगाली आणि हिंदी, घरात मराठी. ती मराठी टिकली बाबांच्या हट्टामुळे. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथल्या मराठी मंडळातल्या मुलांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. पुस्तक नाही, फळा नाही. एक शब्द घ्यायचा आणि त्याच्याभोवती पाऊण तास बोलायचं. हुरहूर, रुखरुख आणि चुटपुट यांच्यातला फरक समजावायला त्यांना तीन रविवार पुरले नव्हते. पुढे मुलं मोठी झाली, क्लासेस वाढले, वर्ग रिकामा पडला. तेव्हा ते घरीच मोबाइलसमोर बसून बोलायला लागले. ते व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर जात आणि शेवटपर्यंत कुणीही बघत नसे.

"बाबा, मी याचे तुकडे करते," एकदा मी म्हटलं. "एकेक मिनिटाचे."

"पाऊण तासातलं एक मिनिट? मग बाकीचं मी कशाला बोललो?"

"ते एक मिनिट सापडावं म्हणून."

ते हसले. पटलं मात्र नव्हतं.

पहिला तुकडा मी 'चूल' या शब्दाचा केला. बंगालीत चूल म्हणजे केस. आई लग्न होऊन नवी नवी इथे आली, तेव्हा शेजारच्या बंगाली बाईंना आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत सांगायला गेली की माझी चूल पेटत नाहीये. त्या बाई घाबरून तिच्या डोक्याकडेच बघत राहिल्या. बाबा हे सांगताना मोबाइलच्या मागे उभी असलेली आई खुदकन हसते, तेही मी तसंच ठेवलं. तो तुकडा कुठल्या कुठे गेला. पुण्याहून, नागपूरहून, परदेशातून अनोळखी माणसांचे निरोप आले. आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानदाराने बाबांना थांबवून बंगालीत विचारलं, "काय मोशाय, चूल पेटली का?" बाबा घरी येऊन ते आईला दोनदा सांगत होते.

मग ते रविवारची वाट बघायला लागले. सकाळी दाढी, इस्त्रीचा सदरा, खिडकीजवळची खुर्ची. आवाज नको म्हणून आई पंखा बंद करायची. कोलकात्याच्या उकाड्यात तेवढा वेळ घाम पुसत ते बोलायचे आणि मी समोर मोबाइल धरून बसायची. असं दोन वर्षं चाललं.

दुसऱ्या वर्षी मला वेळ जास्त लागायला लागला. आधी तासाभरात तुकडा तयार व्हायचा, आता अर्धा दिवस जायचा. बोललेला आवाज पडद्यावर उंच-सखल रेघांसारखा दिसतो आणि माणूस गप्प झाला की ती रेघ सपाट होते. बाबांच्या सपाट रेघा लांबत चालल्या होत्या. "ते आपलं... ते नाही का... ते," असं ते म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. मी ते दिसलं की कापायची. पुढे पुढे तर न बघताच कापायला लागले. शांतता आपोआप काढून टाकणारी एक सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती मी त्यांच्या व्हिडिओला लावून ठेवली.

एका रविवारी मी वैतागले. "बाबा, जरा तयारी करून बसत जा ना. किती थांबता मध्ये मध्ये!"

पुढच्या रविवारी मी मोबाइल लावला, तेव्हा समोरच्या भिंतीवर कागदाच्या चार चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. त्यांच्या सुरेख अक्षरात एकेका चिठ्ठीवर एकेक साधा शब्द. मी म्हटलं, "हे बरं केलंत."

आईच्या मात्र लक्षात आलं होतं. ती स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "अगं, यांना हल्ली शब्द सापडत नाहीत. काल मीठ मागताना हात नुसता हवेत हलवत होते."

मी तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि आदल्या आठवड्याचा तुकडा तिला दाखवला. बाबा घडाघडा बोलत होते. "बघ. कुठे अडखळतात?"

बाबाही मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी तो तुकडा पूर्ण बघितला, परत लावायला सांगितला, आणि आईला म्हणाले, "बघ. बोलतोय की मी."

त्यांच्या चेहऱ्यावर केवढी सुटका होती! मला वाटलं, मी चांगलं काम केलं. त्यानंतर चार-पाच महिने आम्ही तिघांनीही तो विषय काढला नाही.

मग गाळणीचा रविवार आला. बाबांना स्वयंपाकघरातले शब्द घ्यायचे होते. आईने टेबलावर किसणी, पळी, गाळणी मांडून ठेवली. किसणी आणि पळी झाली. त्यांनी गाळणी उचलली आणि म्हणाले, "आणि ही... चहाची... ही." गाळणी फिरवली, उजेडात धरली, तिच्या जाळीतून माझ्याकडे बघितलं. भिंतीवर त्या शब्दाची चिठ्ठी नव्हती. मी खूण केली आणि म्हटलं, "बोला तुम्ही पुढे. मी ते कापेन नंतर."

बाबांनी गाळणी खाली ठेवली.

"काय काय कापशील?" ते म्हणाले.

मी मोबाइल बंद केला. आईने पंखा लावला.

आम्ही बाबांना ज्या डॉक्टरांकडे नेलं ते बंगाली होते, आमच्याशी हिंदीत बोलत होते. त्यांनी बाबांना चित्रं दाखवून नावं विचारली. डॉक्टरांना मराठी येत नव्हती, त्यामुळे उत्तर बरोबर की चूक हे मला सांगावं लागत होतं. कंगवा बरोबर. छत्री बरोबर. शिडीला बाबा म्हणाले, "वर जायचं." मी डॉक्टरांना म्हटलं, "चूक." बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं. आयुष्यभर माझ्या मराठीतल्या चुका त्यांनी काढल्या होत्या.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, वर्ष झालं असेल. ते म्हणाले, "जुनं काही रेकॉर्डिंग असेल तर बरं. किती वेगाने वाढतंय ते कळेल."

मी मोबाइलवरचे तुकडे दाखवले. डॉक्टरांनी तीन-चार बघितले आणि चष्मा काढला. "इथे तर उत्तम बोलतायत. हा कधीचा?"

"मागच्या महिन्याचा. थांबे मी काढलेत."

"मग मूळ व्हिडिओ?"

मूळ व्हिडिओ नव्हते. तुकडा झाला की मूळ पुसून टाकायचं, ही ऑफिसची सवय. जागा भरते. मी ते डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला काहीच बोल लावला नाही, नुसतं कागदावर काहीतरी लिहिलं. मेंदूचा शब्दांचा भाग हळूहळू झिजत जाणारा हा आजार आहे, असं त्यांनी समजावलं. तो बरा करणारं औषध नाही. लवकर कळलं असतं तर बोलण्याचा सराव लवकर सुरू झाला असता, थोडा काळ अधिक मिळाला असता कदाचित. थोडा किती, हे मी विचारलं नाही.

परतताना टॅक्सीत बाबा पुढे बसले. मागे आई माझा हात धरून होती. मी म्हटलं, "आई, तू मला सांगितलं होतंस."

"हो," ती म्हणाली. हात तिने सोडला नाही.

गाळणीच्या व्हिडिओचा तुकडा केलाच नव्हता, म्हणून तो तेवढा मोबाइलमध्ये राहिला होता. तो मी नंतर एका दुपारी, सॉफ्टवेअरमध्ये न टाकता, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. शब्द अडला की बाबा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवतात. आईकडे बघतात. आई ओठांनी शब्द सांगते, तो त्यांना कळत नाही, आणि ते तिला हसून दाखवतात. दोन वर्षं मी समोर बसले होते आणि यातलं काही मी बघितलं नव्हतं. मी फक्त चांगलं मिनिट शोधत होते.

बोलण्याचा सराव घ्यायला एक बाई घरी यायला लागल्या. त्या म्हणाल्या, बाबांच्याच आवाजातले शब्द त्यांना ऐकवा, त्यामागून म्हणू द्या. मी तुकडे लावले. बाबा 'चूल' ऐकायचे, तोंड उघडायचे, तोवर व्हिडिओतले बाबा चार वाक्यं पुढे गेलेले असायचे. "हळू," ते म्हणाले. "हळू, हळू." मग मी सगळे तुकडे परत उघडले आणि प्रत्येक वाक्यानंतर दहा-दहा सेकंद रिकामे सोडले. पहिले काही दिवस जमलं. 'ओंजळ' ते स्वच्छ म्हणाले, आईला बोलावून परत म्हणाले. पुढे दहा सेकंदही कमी पडायला लागले. मी वीस केले. एके दिवशी त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सरावासाठी मी परत कधी तो काढला नाही.

लोक अजून विचारतात, सरांचा नवा व्हिडिओ का येत नाही? मी उत्तर देत नाही. जुने तुकडे काढूनही टाकलेले नाहीत. आई दुपारी ते बघते, आवाज अगदी बारीक करून, बाबांना ऐकू जाणार नाही असा.

मी अजून तेच काम करते. संध्याकाळी न्यू टाउनहून बेहाल्यात यायला दीड-दोन तास जातात. दार बाबा उघडतात. गेल्या पावसाळ्यापर्यंत ते विचारायचे, "जेवलीस?" सकाळी, दुपारी, कधीही दार उघडलं तरी तेच. मीही कधीही आले तरी हो म्हणायची. आता ते विचारत नाहीत. माझी पिशवी हातातून घेतात, आत नेऊन खुर्चीवर ठेवतात, आणि मी चप्पल काढेपर्यंत तिथेच माझ्याकडे बघत उभे राहतात.