आत्मारामची खंडेनवमी

आत्माराम पोवार एका जागी बसणारा माणूस नव्हेच. पण त्या रविवारी त्याने ताळतंत्रच सोडलं. खिडकी, दार, पुन्हा खिडकी.

“अहो, खालची घरमालकीण आता छताला झाडू ठोकेल,” कुसुम म्हणाली.

“बाहेर धुकं बघितलंस?”

“रोजच असतं. आज त्याचं एवढं काय कौतुक?”

कौतुक असं होतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आत्माराम १९५८ साली जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या एका कारखान्यात शिकायला आला. वर्षभर राबल्यावर हत्यारांच्या कोठीची किल्ली सोमवारी त्याला मिळायची होती. तसं त्याचे वस्ताद, माइस्टर हाउफ, यांनी कबूल केलं होतं. हाउफसाहेबांचा देव एकच : ग्रीस. मोजमापाचं प्रत्येक हत्यार पुसायचं, ग्रीस चोपडायचं, तेलकागदात गुंडाळायचं. उघड्या बोटाने कुणी शिवलं, तर सोवळ्यातल्या आजोबांसारखे ते किंचाळत.

आणि काल होती खंडेनवमी. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर आत्मारामने कोठीबाहेरच्या कपाटातली सात हत्यारं उघडली. ग्रीसवर गंध ठरेना, म्हणून ग्रीस पुसलं. पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि दसऱ्यापर्यंत पूजा हलवायची नाही म्हणून तशीच ठेवून भक्तिभावाने कपाट लावलं. कोल्हापुरात ऑक्टोबरच्या उन्हात पाणी दोन मिनिटांत सुकतं. इथे टॉवेल तीन दिवस ओला राहतो, हे त्याला आज सकाळी टॉवेल अंगाला लागल्यावर आठवलं.

“मग जा आणि पुसून या!”

“दोनदा जाऊन आलो. दरवान म्हणतो, रविवार म्हणजे रविवार.”

“मग बसा.”

तो बसला, आणि उठला.

सोमवारी फाटक उघडायच्या तासभर आधी तो तिथे हजर होता. कपाट उघडण्यापूर्वीच त्याने हाउफसाहेबांना सगळं सांगून टाकलं. सातही हत्यारांवर टिळ्याच्या जागी गंज उमटला होता, कुंकवापेक्षा ठसठशीत.

हाउफसाहेबांनी एकेक हत्यार उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाले, “आल्झो, तर मग पोवार, तुमच्या देवाला पाणीच लागतं? तेल चालत नाही?”

दर शनिवारी मारुतीला तेल घालत वाढलेल्या माणसाला हे सुचू नये!

“चालतं,” तो पुटपुटला.

“गेनाऊ. अगदी बरोबर.” त्यांनी किल्ली स्वतःच्याच खिशात टाकली. “हिचं नाताळनंतर बघू. आधी ही हत्यारं घासा.”

दुपारपर्यंत सहा हत्यारं लखलखली. सातव्यावरचा टिळा काही केल्या जाईना. आत्मारामने त्याला तसंच ग्रीस लावलं, तेलकागदात गुंडाळलं आणि वर इमानाने लिहिलं : ‘पूजा झालेलं. मापाला घेऊ नये.’