ऱ्हाइनचे मुळे आणि शकूची डाळिंबं

निघायच्या दिवशी टॅक्सीत बॅगा चढवत होतो, तर धाकटी बहीण शकू दारात. "दादा, तेवढी पाण्याची एक पाळी माझ्याकडं सोडून जा. डाळिंबाची कोवळी फळं गळायला लागलीत."

शकूची बाग आमच्या चारीच्या टेलला (कालव्याच्या पाटाच्या शेवटच्या टोकाला), माझा ऊस तोंडाशी आणि पाणीवापर संस्थेचा चेअरमनही मीच. असा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो. "आल्यावर बघू," म्हणालो. वर माझ्या उसाला पाणी पाजायचं काम तिच्याच गळ्यात घालून विमानतळ गाठला.

जर्मनीत लुडविग्सहाफेनला मुलगी मुग्धा राहते. जावई तिथल्या रसायनांच्या कारखान्यात. कारखाना अवाढव्य आहे, उरलेल्या जागेत शहर बसवलंय. पहिल्या संध्याकाळी हॉटेलात साधं पाणी मागितलं, तर वेटर तोंडाकडे बघत राहिला. शेवटी बाटली आली, तीही बुडबुड्यांची. आपण उसाला दिवसचे दिवस पाट सोडून देतो, हे या लोकांना सांगायचं नाही असं ठरवलं.

चौथ्या दिवशी मुग्धानं शहराबाहेर डीटरकडे नेलं. तो तिच्या ओळखीचा, साठीचा शेतकरी. नजर जाईल तिथवर मुळे. आमच्याकडे मुळा ताटात कडेला असतो, इथे त्याच्यासाठी ऱ्हाइन नदी उचलून आणलीय. जमिनीखालून नळ, शेताच्या कोपऱ्यात मीटर. मीटर बघायला वाकलो तेवढ्यात तुषार सिंचनाचा फवारा फिरून आला आणि मी जाकिटासकट भिजलो. डीटर म्हणाला, "तिथे उभं राहायचं नसतं." सहानुभूतीची तिकडची पद्धत असावी.

मग शेडमध्ये काळा पाव, लोणी आणि मीठ लावलेल्या मुळ्याच्या चकत्या. चांगल्या लागल्या, कबूल करतो. मुग्धा दुभाष्याचं काम करत होती.

"पाणी कमी पडलं की भांडणं होत असतील?" मी आशेनं विचारलं.

"पाळ्या लावतो."

"शेवटच्याला पोचतं?"

"नाही पोचलं तर तो फोन करतो."

"मग?"

"मग पोचतं."

काय नीरस जगणं. मीही मागे का राहू? म्हणालो, "आमच्याकडे तर नियमच आहे. पाणी आधी टेलला, मग वर वर येत तोंडाला." नियम खराच आहे. संस्थेच्या भिंतीवर माझ्या सहीनं लावलाय.

"गेनाऊ (अगदी बरोबर)," डीटर खूश झाला. "टेलला कोण आहे?"

"माझी बहीण."

"मग तिचं शेत छान असेल."

तो खवचटपणे बोलला नव्हता. नियम आहे म्हणजे पाळतच असतील, असं मानणारा माणूस तो. बघता येईल का, असंही विचारलं. मी सावरायच्या आत मुग्धानं व्हिडिओ कॉल लावला. "आत्या, हे इथले शेतकरी. बाबा म्हणतात पाणी आधी तुझ्याकडे येतं. शेत दाखव ना यांना."

शकूनं पडद्यावर माझ्याकडे पाहिलं. मग तिनं फोन फिरवला. हिरवागार ऊस, सरीतून खळाळतं पाणी. "हे बघा माझं रान. दादा पहिल्यांदा मलाच देतो पाणी."

मागे विजेचा वाकडा खांब होता. तो माझ्या शेतातला. भर उन्हात ती माझ्याच उसाची दारं धरत (सरीसरीत पाणी वळवत) होती. आत्याची डाळिंबं मुग्धाला ठाऊक आहेत. तिनं भाषांतर केलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. डीटर "सुंदर, सुंदर" म्हणत राहिला आणि मी हातातला पाव खाली ठेवला. लाज वाटली, सरळ सांगतो.

तिथूनच पाटकऱ्याला (पाणी सोडणाऱ्याला) फोन केला. "उद्यापासून टेलकडून सुरू कर."

"चेअरमन, तब्येत बरी आहे ना?" त्यानं विचारलं.

तीन आठवड्यांनी परतलो. ऊस पिवळा पडलेला. गावात बोभाटा झाला होता की जर्मनीला जाऊन दादा बिघडले. टेलला गेलो. शकूची निम्मी फळं गळून गेली होती, ती काही परत येणार नव्हती. उरलेल्या झाडांच्या बुडाशी ओल होती.

शकूनं हात पदराला पुसले. "दादा, त्या जर्मन माणसाला लाव फोन," ती म्हणाली. "आता माझं रान दाखवते."