हेल्मेटमध्ये भरलेली ओटी

वैशूने शर्यतीसाठी माझं नाव मला न विचारता देऊन टाकलं आणि मग फोन केला. "वहिनी, जोडी गटात नाव घातलंय आपलं. आता नाही म्हणू नका, बरं दिसत नाही ते."

वैशू माझी धाकटी नणंद. गेल्या वर्षी तिने हीच शर्यत एकटीने केली होती. आधी माउंटन बाईकवर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, मग सायकल ठेवून माळावरून अठराएक किलोमीटर पळणं. शेवटच्या चौकीवर ती पोचली तेव्हा वेळ संपून वाटेवर आडवी दोरी बांधून झाली होती. पुढे शर्यत संपायला जेमतेम चार किलोमीटर उरले होते. तिला जीपमध्ये बसवून परत आणलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "ती दोरी ओलांडायची राहिली." सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हापासून तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून मी हो म्हटलं. शिवाय चव्वेचाळिसाव्या वर्षी माझे पाय चांगले चालतात, हे मला कोणाला तरी दाखवायचंही होतं.

जोडी गटाचा नियम सोपा आहे. प्रत्येक चौकीवर दोघींनी एकत्र हजर व्हायचं. एक मागे राहिली तर दोघीही बाद.

शर्यत दौंडहून सुटते, म्हणून आदल्या दिवशी आम्ही पुण्याहून डेमू गाडीने तिकडे गेलो. सायकलींची पुढची चाकं काढून, दोन्ही सायकली कापडी पिशव्यांत घालून दाराशी उभ्या केल्या. (तुम्ही जाणार असाल तर सायकलीच्या सामानाचं स्टेशनवर आधी विचारून घ्या आणि दुपारची गाडी धरा, गर्दी कमी असते.) शेजारच्या बाकावर दौंडच्याच एक रेल्वेत नोकरी करणाऱ्या बाई होत्या. पिशव्यांकडे बघून म्हणाल्या, "शिलाई मशीन का?"

"सायकल आहे. उद्या शर्यत आहे," वैशू म्हणाली.

"तुम्ही? दोघी?" त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग डब्यातली शेंगदाण्याची चटणी-पोळी पुढे केली. "घ्या. पोटात असू द्या काहीतरी."

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खोली स्वच्छ होती, गरम पाणी मात्र फक्त सकाळी. संध्याकाळी चाकं जोडून पाय मोकळे करायला गावाबाहेर एक चक्कर मारली. हा ऊसतोडीचा हंगाम. हवेत सगळीकडे उकळत्या रसाचा वास. एका गुऱ्हाळावर थांबलो. कढईतला गूळ नुकताच निवायला वाफ्यात ओतला होता. वैशूने गरम गुळाचा खडा तोंडात टाकला आणि एक लहान ढेप विकत घेतली. मी म्हटलं, "आता ही कोण वागवणार?" ती म्हणाली, "लॉजवरच ठेवू. असू द्या हो वहिनी." रात्री पिठलं-भाकरी खाऊन साडेआठलाच झोपलो.

सकाळी साडेसहाला शर्यत सुटली. थंडी एवढी की ब्रेकवरची बोटं आपली वाटत नव्हती. सुरुवातीचा रस्ता डांबरी, पण उसाच्या ट्रॉल्यांपासून सांभाळा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळतो तेव्हा मागची ट्रॉली वेगळ्याच मर्जीने वळते. पुढे कालव्याकडेचा कच्चा रस्ता लागला आणि मी खुशीत आले. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला डोक्याहून उंच ऊस, आणि चाकांखाली मातीचा मऊ आवाज. वैशू पुढे, मी मागे. तिची पाठ बघत मी माझा वेग ठरवत होते.

मग उसाला पाणी नेणारी एक चारी आडवी आली. कुणीतरी पहाटे उसाला पाणी दिलं होतं, ते फुटून सगळ्या वाटेवर पसरलं होतं. ओल्या काळ्या मातीत सायकल घातलीत की संपलं. चाकाला चिकटलेली माती फ्रेममध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. आमच्यापुढचे तीन-चार जण भारी सायकली उलट्या करून काटक्यांनी माती उकरत बसले होते. मी काळ्या रानातच वाढले आहे. आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या आणि वाट सोडून उसाच्या पाचटावरून चालत निघालो. पाय बुडाले नाहीत, पण पाचटाने पोटऱ्या ओरबाडल्या. खांद्यावर सायकल घेतलेल्या दोन बायका बघून ऊसतोडीवरच्या एकीने दुसरीला सांगितलं, "आगं, बसायची गाडी डोक्यावर घिऊन चालल्यात!" दोघी कोयते टेकून हसायला लागल्या. आम्हीही हसलो. तरी वेळ गेलाच.

भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका मागे राहतो आणि शिरूर सुरू होतो. मांडवगण फराट्याकडे जाणाऱ्या रस्त्याने थोडं गेल्यावर आडबाजूचं एक छोटं गाव लागतं. तिथल्या शाळेच्या मैदानात सायकली ठेवून पळायला सुरुवात करायची होती. बूट बदलायचे, पाणी भरायचं, निघायचं. सरावात आम्ही हे सगळं पाच मिनिटांत करत होतो.

मैदानाच्या अलीकडेच एक धावपटू समोरून पळत गेला. त्याच्या अंगात शर्यतीचा टी-शर्ट होता आणि डोक्यावर गुलाबी फेटा.

वैशूने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, हे काय?"

मैदानात मांडव होता. सतरंज्या, खुर्च्या, हार, नारळांची रास आणि भोंगा. आयोजकांनी गावाकडे पिण्याचं पाणी आणि थोडी सावली मागितली होती. पण आपल्या गावात पाहुणे येणार आणि नुसतं पाणी पिऊन जाणार, हे गावाला पटलं नव्हतं. भोंग्यावरून एक आप्पा खणखणीत आवाजात सांगत होते, "धावपटूंना विनंती हाय, कुणी घाई करू नये. सत्कार झाल्याबिगर कुणी पळू नये."

आयोजकांपैकी एक ताई टेबलापाशी कपाळाला हात लावून उभ्या होत्या. मी विचारलं, "हा वेळ धरणार नाही ना तुम्ही?"

"घड्याळ थांबत नाही हो. काहीजण पलीकडच्या फाटकातून गेलेत, तुम्हीही जा पटकन. शेवटची चौकी एकला बंद."

आम्ही बूट बदलून खाली वाकून त्या फाटकाकडे निघालो, लग्नातून जेवून लवकर निघतात तशा. तेवढ्यात समोर एक म्हातारी उभी राहिली. हातात ताट. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. तिच्या मागे चार-पाच बायका.

"कुठं चालला? गडीमाणसांना फेटं. लेकीबाळींनी काय रिकामं जायचं?"

"आजी, उशीर होतोय," मी म्हटलं.

"हुईना. दोन मिंटं." तिने माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मग वैशूकडे वळली.

वैशू मागे सरकली. मान खाली घालून, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, मला नको. माझे मिस्टर नाहीत."

मागच्या बायकांपैकी एकीने ताटाकडे पाहिलं, एकीने दुसरीकडे. मला वैशूचा हात धरून सरळ पळत सुटावंसं वाटलं. भोंग्यावर आप्पा कुणाचं तरी नाव चुकवत होते.

"मग?" म्हातारी म्हणाली. "म्या कुठं त्यांला बलावलंय? सायकल कुणी हाणली, त्यांनी का तू?"

"मीच."

"मग वटी तुझीच भरायची का न्हाई? माझं मालक जाऊन बी लई वर्सं झाली. कुणाची वाट बघत बसू?" मागे वळून ती बायकांना म्हणाली, "बघता काय, गहू द्या हिकडं. आन् पोरी, पदर कुठं हाय तुझा?"

पदर नव्हता. आम्ही दोघी गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्यांत. वैशूने काखेतलं हेल्मेट उलटं केलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं.

म्हातारीने आधी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मग हेल्मेटमध्ये खण ठेवला, त्यावर नारळ, आणि ओंजळी-ओंजळीने गहू. हेल्मेटच्या भोकांतून काही दाणे खाली सांडले. "भोकाभोकाचीच हाय की गं ही टोपी!" असं म्हणून म्हातारी हसली, तशा सगळ्याच हसल्या. वैशू वाकून तिच्या पाया पडली आणि बराच वेळ उठलीच नाही. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

फाटकाबाहेर आल्यावर मी माझ्या ओटीतला नारळ आणि दोघींची हेल्मेटं सामानाच्या टेम्पोत टाकली. "दे तुझाही. पाठीवर किलोभर वजन घेऊन पळणार का?"

"नको," ती म्हणाली. तिने गहू खणात गाठ मारून बांधले, नारळाबरोबर पळण्याच्या पिशवीत घातले आणि पट्टे आवळले. "चला. माझ्यामुळे आपण बाद होणार नाही, एवढं मी बघते."

त्या माळाबद्दल काय सांगू? सावली म्हणाल तर अधूनमधून एखादी बाभूळ. वाट मुरमाची, पायाखालून निसटणारी. दोनदा कोरडा ओढा उतरून चढावा लागतो. पाणी निदान दीड लिटर जवळ ठेवा आणि टोपी विसरू नका, जानेवारी आहे म्हणून फसू नका. एका ठिकाणी मेंढरांचा कळप वाट अडवून उभा होता. मेंढक्या मामांनी आमच्यासाठी मेंढरं बाजूला घेतली आणि विचारलं, "काय हरवलंय का?" वैशू पळता पळताच म्हणाली, "नाही मामा, सापडायचंय." त्यांना ते पटलेलं दिसलं.

दुसऱ्या ओढ्यानंतर माझ्या पोटरीत गोळा आला. मी मटकन खाली बसले. बारा वाजून गेले होते आणि इतका वेळ मी समजत होते की वैशूला मी सांभाळते आहे. तिने माझा पाय मांडीवर घेतला, पंजा माझ्याकडे दाबून धरला आणि मिठाची पुडी माझ्या तोंडात रिकामी केली.

"तू पुढे जा," मी म्हटलं, आणि लगेच आठवलं की तसं चालत नाही.

"गप्प बसा, वहिनी. उठा. माझ्या पिशवीचा पट्टा धरा."

मी धरला. ती पुढे, मी मागे. तिच्या प्रत्येक पावलाबरोबर पिशवीतला नारळ तिच्या पाठीवर आपटत होता आणि मी त्या ठोक्यावर पाय टाकत होते. चढावर चालायचं, उतारावर पळायचं. बोलणं नाही.

शेवटची चौकी लांबूनच दिसली. एक माणूस खांबाला दोरी बांधत होता. त्याने आम्हाला पाहिलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि दोरीचं मोकळं टोक तसंच हातात धरून ओरडायला लागला, "पळा! ओ ताई, पळा! हाय अजून, हाय!"

माझ्या पायात इतकं पळणं कुठे शिल्लक होतं, कोण जाणे. दोघी एकदमच त्याच्यापुढून गेलो. मागे वळून पाहिलं तेव्हा तो दोरी बांधत होता. वैशूने ती गाठ बसेपर्यंत पाहिली. उरलेले चार किलोमीटर आम्ही बहुतेक चालतच पुरे केले, गप्पा मारत. मला वाटतं, सहा वर्षांत ती एवढं सलग बोलली नव्हती. त्यात तिचा नवराही बराच होता, त्याच्या घोरण्यासकट.

पदक मिळालं, झुणका-भाकर मिळाली. संध्याकाळी टेम्पोने दौंड, लॉजवरून गुळाची ढेप घेतली, मग गाडीने पुणे. दोन दिवस मी जिना पाठमोरी उतरत होते. यातलं काय राहिलं, याचा मी खूप विचार केला. पदक माझ्या कपाटात आहे. पोटरी बरी झाली. राहिला तो त्या नारळाचा ठोका. अजूनही सकाळी पळताना मी त्याच्यावरच पाय टाकते.

पुढच्या रविवारी वैशूने आम्हा नवरा-बायकोला जेवायला बोलावलं. गव्हाची खीर केली होती. ओटीचे गहू थोडे, म्हणून त्यात घरचे मिसळले होते. गूळ त्या गुऱ्हाळावरचा, खोबरं त्या नारळाचं. माझ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "आज काय विशेष?"

वैशूने त्याच्या वाटीत आणखी एक पळी वाढली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, पुढच्या वर्षी सायकल जरा जोरात हाणू. त्या गावात निवांत थांबता आलं पाहिजे."