टीव्हीच्या तासाला मेघा गप्प का बसायची

गेल्या महिन्यात एका शनिवारी कुंभारवाड्याजवळच्या आमच्या देवळात कौल लावायला गेलो होतो. मी, आमचे हे आणि सहावीतली मेघा. चढण चढतानाच पाय भरून आले होते... खरं तर पायांपेक्षा डोकंच जास्त दमलं होतं.

मेघाला लहानपणापासून कमी ऐकू येतं. दोन वर्षांपूर्वी शिबिरात कानाचं मशीन मिळालं. मशीन आलं म्हणजे ऐकू आलं, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो.

पाचवीपर्यंत बरी होती. यंदा मात्र मागे पडली. तिच्या कानडी शाळेत मोठा टीव्ही आला, बाकीची मुलं चटाचट उत्तरं देऊ लागली आणि ही टीव्हीच्या तासाला दगडासारखी बसते, अशी तक्रार सुरू झाली. हेडमास्तर म्हणाले, एवढी सोय करूनही कळत नसेल तर धारवाडकडच्या निवासी शाळेत घाला, तिथं अशी मुलं असतात. फॉर्मही हातात दिला.

अकरा वर्षांची पोर... डोक्याला तेलसुद्धा मीच लावते. पाठवायची की नाही? पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी मीच म्हटलं, देवालाच विचारू.

आमच्याकडे देवाला पाण्यानं फुलं चिकटवतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. त्या दिवशी मी हात जोडून उभी... आणि एकही फूल हलेना. अर्धा तास गेला. पुन्हा लावली, तरी तेच.

पुजारीमामा म्हणाले, "कौल अडलाय. कुणाला तरी विचारायचं राहिलंय बघा."

"सगळ्यांना विचारलं की मामा," हे म्हणाले. "आईला, भावाला, हेडमास्तरांना..."

मामांनी खांबाला टेकून बसलेल्या मेघाकडे बोट केलं. "आनी हिला?"

हिला विचारलंच नव्हतं. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं.

देवळाच्या पायरीवर मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, धारवाडच्या शाळेत जायचंय का? ती रडेल असं वाटलं होतं. तिनं उलट मलाच विचारलं, "तितं टीव्ही हाय काय?"

हे हसले. "बघ, हिला टीव्हीची पडलीय!"

"टीव्ही असला तर मी जात न्हाई," मेघा म्हणाली. "टीव्ही लावला की पडदे ओढतात. अंधारात अक्कोरूंचं तोंड दिसत न्हाई. मग मला काय कळणार?"

अक्कोरू म्हणजे तिच्या बाई. मेघा ऐकते कमी, ओठ बघूनच जास्त समजते. घरी आम्ही सगळे आपोआप तिच्यासमोर जाऊन बोलतो... इतकी सवय झालीय की ते आमच्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं.

आणि ते पडदे मीच शिवले होते! वर्गात उजेड फार येतो, टीव्ही नीट दिसत नाही म्हणून आईलोकांच्या मीटिंगमध्ये मीच पुढे होऊन सांगितलं, विकतचे कशाला, मी शिवते. जुन्या गडद साड्या घेऊन, गोधडीसारखे दुपदरी शिवून दिले. उजेडाचा कवडसा येत नाही म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

सोमवारी शाळेत जाऊन सगळं सांगितलं. अक्कोरू वाईट नाहीत हो... त्यांचा चेहराच उतरला. "मला वाटलं, चित्र दिसतंय म्हणजे हिला बरंच झालं," म्हणाल्या. लगेच सगळे पडदे सरकवले.

तर शेजारच्या बाकावरची रेश्मा ओरडली, "अक्कोरू, आता मला चित्र दिसत न्हाई!" या पोरीला वाचायला फार जड जातं. टीव्हीवर बघितलेलं मात्र ती घडाघडा सांगते. तिचं तरी काय चुकलं? एकीला अंधार हवा, एकीला उजेड.

शेवटी असं ठरलं. आधी पडदे उघडे ठेवून अक्कोरू तोंड मुलांकडे करून धडा समजावतात. मग अंधार करून व्हिडिओ, आणि खाली कानडीत अक्षरं उमटतात. ती सोय टीव्हीत होतीच, कुणी लावून बघितली नव्हती! मध्ये थांबवून पुन्हा उजेड, पुन्हा बोलणं. अक्षरं कधीकधी भलतीच येतात आणि सगळा वर्ग हसतो. मेघाही हसते म्हणे.

फॉर्म तूर्त परत केलाय. पुढच्या वर्षी नवे शिक्षक येतील, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल... त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. त्या विचारानंच कधीकधी गळून जायला होतं. सगळ्यांना एकदाच सांगून सुटता आलं असतं तर!

काल संध्याकाळी ती शाळेतून आली आणि हृदय कसं चालतं ते सांगत सुटली. रक्त इकडून येतं, तिकडून जातं... मी दिवसभराची दमलेली, चुलीकडे तोंड करून नुसती हूं हूं करत होते.

तिनं येऊन माझी हनुवटी धरली आणि तोंड स्वतःकडे वळवलं. "आई, हूं करू नको. माझ्याकडं बघून बोल."

भाकरी करपली. पण एवढं हक्कानं तिनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं... देवाची कृपा, दुसरं काय म्हणू?